पाहणीच्या दिवशीचे मांडे

तुम्ही कमळाबाईला लबाड म्हणालात. तोंडी नव्हे, लेखी. शिक्का मारून, जावक क्रमांक घालून. "हेतुपुरस्सर थकबाकीदार" हे तुमचे शब्द. म्हणजे जवळ पैसा असून ठरवून बुडवणारी बाई. किलवणीच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने प्लास्टिकच्या बरण्या खोक्यात भरणाऱ्या बाईला तुम्ही गार खोलीत बसून लबाड ठरवलंत. आणि ज्या कागदाच्या जोरावर ठरवलंत, तो कागद लिहिणारा तुमचा माणूस त्या दिवशी तिच्याच घरी तीन मांडे खाऊन गेला होता. तेव्हा आता ऐकून घ्या. मध्ये बोलू नका. तुमच्या कचेरीत ती बोलत होती तेव्हा तुमचा माणूस मध्ये बोलला.

सिल्वासात आमलीच्या पुढे सूर्यकिरण नावाची चार मजली बिल्डिंग आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर कमळाबाई आणि नथू महाजनांचं घर. घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि दोन माणसं उभी राहिली की भरून जाणारी गॅलरी. नथू पारोळ्याकडचा. खडोलीत पॉलिस्टर दोऱ्याच्या कारखान्यात मशीनवर. भरलेली बॉबिन काढायची, रिकामी लावायची, बारा-बारा तास. अशी अकरा वर्षं पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत काढल्यावर, सात वर्षांपूर्वी त्यांनी तुमच्या फायनान्स कंपनीचं कर्ज काढून हे घर घेतलं. पहिल्या दिवशी कमळाबाईने दाराची कडी आतून लावली, काढली, परत लावली. नथू म्हणाला, "काय खेळ मांडला?" ती म्हणाली, "बघून राहिले. आता ही कडी मला कोणी काढायला लावू शकत नही."

तिचा तेवढा गैरसमज झाला. कडी तुमचीच होती.

गेल्या वर्षी नथूच्या कारखान्यातल्या अर्ध्या मशीन बंद झाल्या. पाच महिने तो घरी बसला. मग त्याच मशीनवर, त्याच जागी, ठेकेदाराच्या नावावर त्याला परत घेतलं. काम तेच, पगार निम्मा. मधले पाच हप्ते थकले, सहावाही थकला. तेव्हा तुमची दोन माणसं आली, त्यांनी दारावर कागद चिकटवला, आणि लग्नात नवरा-नवरीशेजारी उभं राहतात तसे त्या कागदाशेजारी आळीपाळीने उभे राहून फोटो काढून गेले. कागद इंग्रजीत होता. कमळाबाईची मुलगी रोशनी कॉलेजात जाते आणि दुपारनंतर मोबाइलच्या दुकानात काम करते. तिने वाचून सांगितलं: थकलेलं सगळं भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊन लिलाव.

त्या रात्री जेवण कोणालाच गेलं नाही. रोशनी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. एकदम ओरडली, "मम्मी, हे बघ! यांच्याच वेबसाइटवर आहे. अडचणीतल्या ग्राहकांसाठी मदत योजना. हप्ता कमी करून देतात, मुदत वाढवून देतात."

"कोण देतं?"

"हेच लोक."

"घर घेणारे हेच आणि मदत करणारे बी हेच?"

"हां. डिपार्टमेंट अलग आहे."

नथू म्हणाला, "एकाच घरात सासू आणि सून असं झालं हे."

पण त्यांना आशा वाटली. खोटं कशाला बोला, फार आशा वाटली. पगार निम्मा झाला म्हणून हप्ता निम्मा करा आणि वर्षं वाढवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. माफी नको होती, सूट नको होती. मदतीच्या नंबरवर कमळाबाईने स्वतः फोन लावला. एक मंजुळ बाई दर अर्ध्या मिनिटाने सांगत होती की आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. चौथ्यांदा ऐकल्यावर कमळाबाई म्हणाली, "मग उचल ना बाई." रोशनी हसली. चाळीस मिनिटांनी एका खऱ्या बाईने उचलला आणि शाखेत अर्ज द्यायला सांगितलं.

अर्ज लिहिला तिसऱ्या मजल्यावरच्या शैलजाबाईंनी. या कोकणातल्या, देवगडकडच्या. सव्वीस वर्षं इथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवतात. बिल्डिंगमधल्या कोणाचाही कुठलाही कागद असो, त्यांच्या हातून जातो. त्यांनी अर्जात "परिस्थितीच्या प्रतिकूलतेमुळे आमची आर्थिक नौका हेलकावे खात असून" असं एक वाक्य घातलं. शाखेतल्या मुलाने ते बघून विचारलं, "बोटीसाठी पण लोन आहे का तुमचं?" मग रोशनीने तोच अर्ज इंग्रजीत केला, ती नौका बुडवून.

पंधरा दिवसांनी फोन आला. गुरुवारी अकरा वाजता आमचे अधिकारी घरी येतील, प्रत्यक्ष पाहणी करतील, परिस्थितीचा अहवाल देतील. अहवालावर वरची समिती निर्णय घेईल.

इथून पुढे जे झालं त्यात तुमची चूक नाही असं तुम्ही म्हणाल. थांबा.

शैलजाबाईंनी "पाहणी" हा शब्द ऐकला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे तपासणी! अगो कमळाबाई, आधी नाही का सांगायचं? गुरुवार म्हणजे दोनच दिवस."

सव्वीस वर्षांत त्यांनी एकवीस तपासण्या काढलेल्या. शाळेत तपासणी म्हटली की काय करायचं हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. भिंती पुसायच्या, दारात रांगोळी, फुटकी बाकं मागच्या खोलीत, शेजारच्या शाळेतून नकाशे आणि पृथ्वीचा गोल उसना, मुलांच्या अंगात धुतलेले गणवेश. साहेबाला गबाळेपणा दिसला की शेरा वाईट, अनुदान बंद. सव्वीस वर्षं याच हिशोबाने चाललं आणि एकदाही फसलं नाही. सरकारने त्यांना शिकवलं होतं की मदत हवी असेल तर आपल्याला मदतीची गरज नाही असं दाखवावं लागतं. त्यात त्यांचा काय दोष?

"अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे की माणसं टापटिपीची आहेत," त्या म्हणाल्या. "कर्ज फेडणारी माणसं कशी दिसतात? नीटनेटकी दिसतात."

रोशनीने तोंड उघडलं. "टीचर, पण आपल्याला तर गरीब दिसायचं आहे ना? समजा उलटं पडलं तर?"

"गरीब दिसायचं म्हणजे काय गो? फाटकी साडी नेसून उंबऱ्यात बसायचं तुझ्या आईने? भीक मागतोय का आपण?"

"नही नही," कमळाबाई म्हणाली. "ते नही जमणार. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू दे मम्मी, फायनान्सवाला काय म्हणेल ते बघ."

"पोरी, तो पाव्हणा आहे. आपल्या दारात येऊन राहिला, त्याच्यासमोर घर झाडून ठेवायचं नही तर काय उकिरडा करायचा?"

"पाव्हणा? मम्मी, तो घर घ्यायला येतोय!"

"घ्यायला बी येऊ दे. येईल तर पायरी चढूनच येईल ना?"

विषय संपला. खानदेशातल्या बाईशी पाहुण्याच्या बाबतीत वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्मायचा आहे.

बुधवारी अख्खी बिल्डिंग कामाला लागली. शैलजाबाईंचा सोफा एक मजला खाली आला. उतरवताना नथूचा अंगठा चेमटला. तळमजल्यावरच्या गुजराती आजीने कूलर दिला. वरती चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बिहारी पोरांनी आपला मोठा टीव्ही दिला आणि स्वतःच भिंतीला लावून दिला, "भाभी, साहब को दिखना चाहिए" म्हणत. कुणाचे पडदे, कुणाचा काचेच्या पेल्यांचा सेट. शैलजाबाईंनी स्वतःची मोरपंखी साडी दिली आणि कमळाबाईला नेसवून बघितली. कमळाबाईचा स्वतःचा फक्त फ्रिज होता, तोही हप्त्यावर घेतलेला, पण तो फिटला होता. रोशनी खोलीच्या मधोमध उभी राहून हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "छान. आता मलाच इथे राहायला आवडेल."

आणि जेवण. अकरा वाजता येणारा माणूस बाराला जेवल्याशिवाय कसा जाणार? वैशाख चालू होता, आंबे आले होते. रस करायचा आणि मांडे. साधी पुरणपोळी नव्हे. खापरावरचे मांडे, जावई आला की करतात ते. पारोळ्याहून येताना आणलेलं खापर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेलं होतं. ते काढलं. गॅसवर ते होत नाही, म्हणून कमळाबाईने गच्चीवर तीन विटांची चूल मांडली. खानवेलहून एसटीने येणाऱ्या ओळखीच्या बाईने लाकडाची मोळी आणून दिली. गुरुवारी कमळाबाईने कारखान्यात खाडा टाकला, पहाटेच गच्चीवर गेली, आणि पिठाची लाटी हातावर फिरवत, वाढवत, पार कोपरापर्यंत आणून उलट्या खापरावर टाकू लागली. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. हे तुमच्या अहवालात नाही. मी सगळा वाचला आहे.

बरोबर अकराला तुमचा माणूस आला. अभिजीत नाव. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, उन्हाने तांबडा झालेला, मोटरसायकलवर दिवसाला आठ घरं बघणारा पोरगा. हातात टॅब. वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही सगळं त्याच्यावर ढकलाल. दारात रांगोळी बघून तो बिचकला आणि पाय वळवून आत आला. कूलरसमोर बसल्यावर त्याने डोळे मिटले. मग टॅब उघडून एकेक बोट टेकवत गेला.

"जेवायचं थांबायचं," कमळाबाई म्हणाली.

"नाही ताई, मला परवानगी नाही. अजून सात घरं आहेत."

"पाणी तरी प्या."

पाण्याबरोबर ताट आलं. वाटीत रस, वर तुपाची धार, कुरडया, भजी, आणि ताटाबाहेर लोंबणारा मांडा. अभिजीतने ताटाकडे बघितलं. सकाळी त्याने वडापाव खाल्ला होता आणि रात्रीही तोच खाणार होता. टॅब मांडीवरून खाली ठेवला गेला.

पहिला मांडा खाल्ल्यावर तो म्हणाला, "आमची आई नाशिकला असते." दुसऱ्याला त्याने रसाची वाटी परत पुढे केली. तिसऱ्याच्या मध्यावर त्याला आपलं काम आठवलं.

"बोला काका," तो नथूला म्हणाला, "अडचण काय आहे नेमकी?"

नथू धुतलेला पांढरा शर्ट घालून समोर बसला होता. त्याने पोराच्या ताटाकडे बघितलं. ताटात अर्धा मांडा होता. वाटीत रस होता.

आणि त्यांच्याकडे एक रीत आहे. माणूस ताटावर बसलेला असताना त्याच्यापुढे आपलं दुःख मांडायचं नाही. घास कडू होतो. वैरी जेवत असला तरी नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, कोणी शिकवत नाही, आणि कोणी मोडतही नाही.

"जेवा आधी साहेब," नथू म्हणाला. "अडचणींचं काय, त्या चालूच राहतात."

"म्हणजे तशी फार नाही?"

"ठीक आहे. चाललंय. रस घ्या अजून."

"कंपनी चालू आहे ना तुमची?"

"कंपनी एकदम चांगली."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या रोशनीने आईचा हात घट्ट दाबला. "मम्मी, बोल ना! बाबा काय बोलतायत?" कमळाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "जेवू दे त्याला. हात धुतला की सांगते सगळं. फाइल काढून ठेवली आहे मी." फाइल खरंच फ्रिजवर होती. ठेकेदाराची पावती, जुन्या पगाराचा कागद, नव्या पगाराचा कागद, सगळं क्रमाने.

अभिजीतने हात धुतला आणि त्याचा फोन वाजला. खानवेलला पुढच्या पाहणीच्या घरची माणसं कुलूप लावून निघायच्या बेतात होती, लवकर पोच. त्याने चपला घातल्या.

"साहेब, ही फाइल..." कमळाबाई धावली.

"फॉर्म भरलाय मी ताई, सबमिट पण झाला. काळजी करू नका, सगळं चांगलंच लिहिलंय. असं जेवण मी दोन वर्षांत नाही जेवलो."

तो जिना उतरून गेला. शैलजाबाई वरच्या मजल्यावरून कठड्यावर वाकून बघत होत्या. "काय म्हणाला?"

"चांगलंच लिहिलंय म्हणे."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

आणि खरंच, त्या पोराने चांगलंच लिहिलं होतं. तिथेच सगळा घात झाला.

वीस दिवसांनी पत्र आलं. रोशनीने जिन्यातच फोडलं आणि वाचत वाचत वर आली, प्रत्येक पायरीला आवाज बारीक होत गेला. तुमच्या समितीने, म्हणजे तुम्ही, लिहिलं होतं: पाहणीत सोफा, मोठा टीव्ही, कूलर, काचसामान व पडदे आढळले. कर्जदाराने स्वतः कोणतीही अडचण नसल्याचे सांगितले. नोकरी चालू असल्याचे सांगितले. इतर निरीक्षण: आहार उच्च दर्जाचा. कुटुंब समाधानी.

सबब अर्ज नामंजूर. कर्जदार हेतुपुरस्सर थकबाकीदार. लिलाव पुढील महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी.

"कुटुंब समाधानी," रोशनीने परत वाचलं. "मम्मी, आपण समाधानी आहोत."

नथू भिंतीला टेकून खाली बसला. ज्या भिंतीवर टीव्ही होता तिथे आता चार भोकं होती. शैलजाबाईंना बोलावलं, त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. "माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "मीच गो. मी तपासणी समजले." कमळाबाईने त्यांना हाताला धरून बसवलं. मग चहा केला. शिव्या त्यांना द्यायच्या नव्हत्या. ज्यांना द्यायच्या ते खूप वर बसले होते.

रोशनीनेच डोकं चालवलं. "फोटो पाठवू. खरं घर कसं आहे त्याचे फोटो." तिने अकरा फोटो काढले. रिकामी खोली, चटई, गोणपाटात गुंडाळलेलं खापर, पडदा नसलेली खिडकी, भिंतीची चार भोकं. सोबत नव्या पगाराचा कागद. सगळं ई-मेलने पाठवलं आणि खाली लिहिलं की पाहणीच्या दिवशीचं सामान शेजाऱ्यांचं होतं.

तुमचं उत्तर तीन दिवसांत आलं. मदत मागितली तेव्हा पंधरा दिवस लागतात, फटका मारायचा तर तीन पुरतात. तुम्ही लिहिलं: पाहणीनंतर मौल्यवान वस्तू अन्यत्र हलवल्याचे कर्जदाराने स्वतः सादर केलेल्या छायाचित्रांवरून सिद्ध होते. सदर कृत्य गंभीर आहे.

म्हणजे जे सामान कधी त्यांचं नव्हतं, ते त्यांनी लपवलं. असं डोकं घडवायला किती शिक्षण लागतं हो? किती पगार देतात त्याला?

लिलावाच्या तीन दिवस आधी, मंगळवारी, कमळाबाईने परत खाडा टाकला. नथूला ठेकेदाराने सोडलं नाही. ती, रोशनी आणि शैलजाबाई अशा तिघी तुमच्या शाखेत गेल्या. खाली चहाच्या टपरीवर अभिजीत उभा होता. त्यांना बघून त्याने कप खाली ठेवला.

"ताई, मला माहीत नव्हतं असं होईल. मी फक्त टिक केलं. सोफा आहे का, हो. कूलर आहे का, हो. फॉर्ममध्ये तेवढंच असतं."

"आणि जेवणाचं?" रोशनीने विचारलं. "ते कुठे होतं फॉर्ममध्ये?"

"त्याला जागा नव्हती. मी मुद्दाम 'इतर'मध्ये लिहिलं. मला वाटलं, चांगली माणसं आहेत हे वरती कळावं." त्याचे डोळे भरून आले होते. "माझं ऐकत नाहीत ताई. भरलेला फॉर्म मला पण उघडता येत नाही."

"जा बेटा, तुझं काम कर," कमळाबाई म्हणाली. त्याच्याशी तिचं भांडण नव्हतं.

वरती शाखेचा साहेब होता, चेतन नावाचा. टेबलावर काच, काचेखाली हसऱ्या कुटुंबाचं चित्र: बाप, आई, दोन पोरं आणि हातात किल्ली. शैलजाबाईंनी पिशवीतून सोफ्याचं बिल काढून काचेवर ठेवलं. पंधरा वर्षांपूर्वीचं, पिवळं पडलेलं, त्यांच्या नावाचं.

चेतनने ते उलटसुलट बघितलं. "मॅडम, बिल तुमच्या नावावर, सोफा त्यांच्या घरात. हे तर अजून कॉम्प्लिकेटेड झालं. दुसऱ्याच्या नावावर खरेदी."

"अहो, मी उसना दिला होता!"

"कशासाठी?"

"तुमचा अधिकारी येणार होता म्हणून!"

"म्हणजे अधिकाऱ्याची दिशाभूल करण्यासाठी."

सव्वीस वर्षं वर्ग गप्प करणाऱ्या शैलजाबाईंनी बिल परत पिशवीत घातलं.

रोशनी म्हणाली, "सर, सिंपल आहे. परत माणूस पाठवा. आज पाठवा, आता पाठवा. न सांगता पाठवा."

"दुसरी पाहणी नियमात आहे," चेतन म्हणाला. रोशनीचा चेहरा खुलला. "पण हेतुपुरस्सर थकबाकीदाराला ती मिळत नाही."

"मग हेतुपुरस्सर काढा ना आधी!"

"ते दुसऱ्या पाहणीशिवाय काढता येत नाही."

तो हे अगदी शांतपणे, घड्याळात किती वाजले सांगावं तसं म्हणाला. त्याला त्यात काही विचित्र दिसलं नाही. तुम्ही त्याला चांगलं तयार केलं आहे.

आतापर्यंत कमळाबाई उभी होती. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, एकीवर शैलजाबाई, एकीवर चेतनची बॅग. तिने बॅग उचलून जमिनीवर ठेवली आणि बसली.

"साहेब, मी पाचवी शिकलेली. तुम्ही मला एक समजावून सांगा. तुमचा माणूस माझ्या घरी आला. त्याला मी पाणी विचारायचं नव्हतं का?"

"तसं नाही ताई..."

"घर झाडायचं नव्हतं का? ते सांगा. रांगोळी काढली ते चुकलं का? माझा मालक त्याच्या पुढ्यात छाती बडवून रडला असता तर तुम्ही काय लिहिलं असतं? कुटुंब दुःखी?"

मागच्या टेबलावरचा एक कारकून हसला आणि लगेच खोकला.

"ताई, हे सगळं भावनिक झालं. प्रोसिजर असते."

"असू दे. तीच विचारून राहिले मी. गरिबाचं घर कसं दिसतं म्हणजे तुम्हाला पटतं, ते मला लिहून द्या. किती भांडी चालतील. चटई फाटलेली पाहिजे का नवी चालेल. पोरीने तेल लावलेलं चालतं का. रस केला तर गरीब राहत नही ना? मग आमटीला चालेल का? तिच्यात डाळ किती? लिहून द्या साहेब, आम्ही तसं करून ठेवतो. तुमच्या फॉर्ममध्ये श्रीमंतीच्या सगळ्या खुणा आहेत, गरिबीची एक बी नही. मग मदत कोणाला देता तुम्ही? आतापर्यंत या खुर्चीतून एकाला तरी दिली का? एकाचं नाव सांगा."

चेतनने पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली. बोर्डावर योजना होती, माहितीपत्रक होतं, काचेखाली हसरं कुटुंब होतं. योजनेत बसलेला माणूस नव्हता.

"हे माझ्या हातात नाही," तो शेवटी म्हणाला, जरा हळू आवाजात. "वरून ठरतं."

"मग वर लिहा. माझ्यासमोर लिहा. मी सांगते तसं लिहा."

"मी ई-मेल करतो नंतर..."

"नंतर नही. शुक्रवारी घर जाणार आहे. तुमचा नंतर शनिवारी असतो."

सगळी शाखा थांबली होती. कुणी कॅलेंडर बघत होतं, कुणी नखं. चेतनने शैलजाबाईंकडे बघितलं, त्या आता शाळेतल्यासारख्या सरळ बसल्या होत्या. त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

"सांगा."

कमळाबाईने पदर खांद्यावर घेतला. शैलजाबाई काही सुचवायला पुढे झाल्या, तिने हातानेच थांबवलं.

"लिहा. आम्ही पैसे देणार नही असं एकदा बी म्हटलं नही. पगार अर्धा झाला, कागद दिला आहे, वाचा. हप्ता अर्धा करा, वर्षं वाढवा, शेवटचा पैसा देईपर्यंत राबतो. लिहिलं? आता पुढे. तुमच्या माणसाला जेवू घातलं म्हणून माझं घर विकता आहात. विकायचं असेल तर तसं लिहून द्या, म्हणजे दारावर लावते. सगळ्या सिल्वासाला कळू दे. आणि विकायचं नसेल तर हप्ता कमी करून द्या. दोन्हीतलं एक. गोल गोल नको. हप्ता कमी करून देता की नही?"

चेतनची बोटं थांबली. "एवढंच?"

"एवढंच. पाठवा. मी इथंच बसले आहे."

त्याने पाठवलं. मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी ते तुमच्याकडे पोचलं आहे, आणि ती अजून त्या खुर्चीवर आहे. देता की नाही? बोला.